नाव कमी करायचं टेबल

नोकरीच्या अर्जात मी माझ्या अनुभवाची एकच ओळ लिहीत आले: टपालविक्री व्यवसायातील पत्रव्यवहार. खरं काम काय ते कुणी विचारलं तर सांगणं अवघड व्हायचं. लोक मला पत्र लिहून कळवायचे की कृपा करून आम्हाला पत्रं पाठवू नका, आणि ते पत्र वाचून मी त्यांना आणखी पत्रं जातील अशी व्यवस्था करायचे. याबद्दल मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा आणि दिवाळीला मिठाईचा पुडाही.

आमची कंपनी ठाण्याला नौपाड्यात एका दाताच्या दवाखान्यावर होती, तीन खोल्यांची. खालून दात काढतानाचे आवाज यायचे आणि वरून आमच्या यंत्राची खडखड खाली जायची. डॉक्टर म्हणायचे, तुमच्या खडखडाटाने माझे पेशंट पळतात. आम्ही म्हणायचो, तुमच्या पेशंटांच्या ओरडण्याने आमच्याकडे पत्ते ठोकणाऱ्या बायका चुकतात. ऐंशीच्या दशकात साप्ताहिकांत जाहिराती यायच्या, कूपन भरून पाठवा, वस्तू टपालाने घरपोच, पैसे पोस्टमनला द्या. भाजी चिरायचं यंत्र, केस वाढवायचं तेल, उंची वाढवायचा तक्ता, घरबसल्या इंग्रजी. त्यातल्या बऱ्याच वस्तू आमच्या होत्या. पण कंपनीचा खरा माल वस्तू नव्हत्या, पत्ते होते. हे मला कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी कळलं.

कूपन आलं की त्या माणसाची एक पट्टी बनायची. बोटभर रुंद पातळ पत्रा, त्यावर उलटी अक्षरं ठोकून नाव आणि पत्ता. पट्ट्या खणांत उभ्या लावलेल्या असायच्या. एकेक पट्टी यंत्रात सरकवली की लिफाफ्यावर पत्ता छापला जायचा, म्हणून खडखड. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर रंगीत चाप असायचा. ज्याने माल घेतला त्याला हिरवा. ज्याने पत्र लिहिलं त्याला पिवळा. ज्याचा लिफाफा पोस्टातून परत आला त्याला लाल. दुसऱ्या कंपन्या आपले लिफाफे गठ्ठ्याने आणायच्या, आमच्या पट्ट्यांवरून पत्ते छापून घ्यायच्या आणि भाडं द्यायच्या. एकदा भाजी चिरायचं यंत्र मागवलं की तुम्हाला पुढे कोंबडीपालनापासून टक्कलापर्यंत सगळ्यांची पत्रं का यायची, ते हे.

माझं टेबल खिडकीशी होतं आणि त्याला सगळे 'नाव कमी करायचं टेबल' म्हणायचे. नाव कमी करा असं पत्र आलं की मी त्या माणसाची पट्टी शोधायची आणि तिला पिवळा चाप लावायचा. पहिल्या दिवशी मी मॅनेजरना, म्हणजे कारखानीस साहेबांना, भाबडेपणाने विचारलं, "साहेब, पट्टी काढून टाकायची ना?"

ते खुर्चीत मागे रेलले. "पुष्पाताई, हजार लोकांना पाकीट पाठवलं तर नऊशे जण न फोडता रद्दीत घालतात. या माणसाने फोडलं. वाचलं. रागावला. उठून पोस्टात गेला, कार्ड आणलं, लिहिलं, पेटीत टाकलं. असा वाचक कुठे मिळतो सांगा. पिवळ्या चापाचं भाडं आपण जास्त घेतो."

उत्तरादाखल मी एक छापील कागद पाठवायचे: 'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे.' हे अक्षरशः खरं होतं. नोंद घेतलेली असायची, पिवळ्या रंगात. आणि तिकीट लागतंच आहे तर लिफाफा मोकळा का पाठवायचा, म्हणून सोबत नवीन माहितीपत्रक.

मी नोकरी का सोडली नाही असं कुणीही विचारेल. कळव्याच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण होतो आणि कायम नोकरी माझी एकटीची होती. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला त्या टेबलाचा थोडा अभिमानही होता. शिव्यांची पत्रं मी इतकी वाचली की पहिल्या ओळीवरून माणूस ओळखू यायचा. 'महोदय' लिहिणारा सहा पत्रं लिहायचा. 'अरे चोरांनो' म्हणणारा एकाच पत्रात दमायचा.

काही जण प्रत्यक्ष यायचे. कल्याणचे एक तालीमवाले आले होते, दारातून तिरके आत यावे लागले एवढे रुंद. त्यांना 'काडीसारख्या दंडांची लाज वाटते का?' असं पत्र गेलं होतं. त्यांनी शर्टाची बाही वर केली, दंड माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, लिहून द्या की हा काडीसारखा नाही." मी कंपनीच्या कागदावर तसं लिहून दिलं, शिक्का मारून. ते समाधानाने गेले. पिवळा चाप मी मागाहून लावला.

दुसऱ्या, कोलशेतच्या हिराबाई. कोळीण, टोपली बाहेर ठेवून आत आल्या आणि एक पाकीट माझ्यापुढे टाकलं. त्यांच्या पुतण्याने कूपन भरताना नावाच्या रकान्यात होडीचं नाव लिहिलेलं, जलराणी. तेव्हापासून होडीला पत्रं येत होती. ताज्या पत्रात विचारलं होतं, कुमारी जलराणी, आपले केस गळतात का?

"गो बाय," हिराबाई म्हणाल्या, "माजे होरीला केस कदी आलं?"

मी माफी मागितली, नाव कमी करायचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. "नाव कशाला कारतेस? कागूद जाड हाय तुमचा. सुकट बांधाला बरा परतो. जास्ती पाठव." जलराणीचा हिरवा चाप शेवटपर्यंत हिरवाच राहिला. आमची सगळ्यात समाधानी ग्राहक ती होडी.

आता जोगदेवांबद्दल. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

त्र्यंबक जोगदेव, डोंबिवली पूर्व, वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, खोटी वजनं जप्त केली. बायकोसाठी भाजी चिरायचं यंत्र मागवलं ही त्यांची एकच चूक. ते पहिल्यांदा आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. खिशातून पितळी ताणकाटा काढला, पिशवी आकड्याला लावली आणि काटा माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"एक किलो तीनशे चाळीस. पिशवीचं वजन वजा करून. ही गेल्या महिन्याची पत्रं. माझं नाव कमी करा."

"काका, लेखी अर्ज द्यावा लागतो."

"सहा दिलेत."

मी खण ओढला. सहा पत्रं होती खरी, प्रत्येकावर क्रमांक, आणि प्रत्येकात आधीच्या सगळ्या पत्रांचे संदर्भ. सहाव्या पत्रात संदर्भांनीच पान भरलं होतं, मजकूर मागच्या बाजूला. आणि पट्टीवर पिवळा चाप, इतक्या वेळा लावलेला की सैल झाला होता.

ते दर महिन्याला येऊ लागले. पिशवी जड होत गेली. तिसऱ्या खेपेला मी चहा मागवला आणि विचारलं, "काका, एवढा त्रास कशाला करून घेता? न फोडता रद्दीत द्या की."

ते काटा खिशात ठेवत म्हणाले, "रद्दीचा प्रश्न नाही. आमचा मुलगा श्रीकांत. दोन वर्षं झाली, इंदूरला आहे. ज्या काटेवाल्यावर मी खटला भरला होता, त्याच्याच तिकडच्या दुकानात नोकरी धरली त्याने. मी बोललो ते जास्त बोललो. पत्र नाही त्याचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, टपालाच्या पेट्या खाली. पोस्टमनच्या सायकलची घंटा झाली की मालती जिना उतरते. गुडघे गेलेत तिचे, तरी उतरते. आणि पेटीत तुमचं टक्कल."

"तुम्ही का नाही उतरत?"

"मला उतरू देत नाही. तिला वाटतं, श्रीकांतचं पत्र माझ्या हाती लागलं तर मी फाडून टाकीन."

"फाडाल?"

त्यांनी चहाचा कप बशीत बरोबर मधोमध ठेवला. मग म्हणाले, "नाही. वजन करीन आधी." ते विनोद करत नव्हते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या टेबलाची लाज वाटली. पिवळ्या चापाच्या दुसऱ्या टोकाला कुणी बाई कठडा धरून जिना उतरत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी त्यांना आमच्या धंद्याचं गुपित सांगितलं, हळू आवाजात, कारण कारखानीस साहेब पलीकडेच होते.

"काका, अर्ज करू नका. अर्ज केला की तुम्ही घरात आहात आणि वाचता, एवढंच आम्हाला कळतं. पाकीट न फोडता परत पाठवा."

"घेण्यास नकार, असं लिहून?"

"त्याने उपयोग नाही. आज नाही म्हणाला तो उद्या घेईल, असं साहेब म्हणतात. पत्ता सोडून गेले, असं लिहिलं तर नवा पत्ता शोधतात. पट्टी खणातून निघते ती एकाच शेऱ्याने." मी इकडेतिकडे पाहिलं. "मयत."

जोगदेव ताठ झाले. "मी खोटा शेरा देणार नाही. छत्तीस वर्षांत दिला नाही."

"तुम्ही द्यायचा नाहीच. पोस्टमनने द्यायचा असतो."

ते तसेच निघून गेले. पण पुढच्या महिन्यात मालतीकाकू जिन्यात घसरल्या, घोटा सुजला. हातात पाकीट होतं, उंची वाढवायच्या तक्त्याचं. आठवड्याने आमच्या डाकेत जोगदेवांचा लिफाफा परत आला, लाल पेन्सिलीने 'मयत' आणि खाली पोस्टमनची सही. तारीख पोस्टमन चुकीची घालत होता, ती जोगदेवांनी शेजारी उभं राहून दुरुस्त करून घेतली, हे मला नंतर कळलं. मी आनंदाने पट्टीला लाल चाप लावला आणि साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती एका वेगळ्या खणात टाकली. मी समजले, मोडीत जाणार.

पंधरा दिवसांनी जोगदेव हजर. पिशवी नव्हती, पण हातात पाच पाकिटं होती.

"पुष्पाबाई, मला सांत्वनाची पत्रं येतायत."

मयत शेऱ्याच्या लाल पट्ट्या मोडीत जात नव्हत्या. त्यांचे वेगळे भाडेकरू होते. एक फोटो मोठा करून देणारे, फ्रेमला विजेची माळ लावून. एक तेराव्याचं जेवण घरपोच करणारे. एक अस्थिविसर्जनाच्या सहली नेणारे. 'जोगदेव कुटुंबीयांस, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' अशी सुरुवात आणि खाली दरपत्रक.

"यातलं एक बरं लिहिलंय," जोगदेव म्हणाले. "'कै. त्र्यंबकराव मनमिळाऊ होते.' मालतीने तेवढं ठेवून घेतलं. म्हणाली, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही, तिऱ्हाइताला कसं कळलं कोण जाणे."

मी साहेबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मेलेल्याच्या घरी पत्र गेलं तर ते घरचे फोडतातच. धंदा आहे." मी जागेवर येऊन बसले आणि नेहमीसारखे चाप लावत राहिले. हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं ते असं झालं.

पुढे मात्र जोगदेव आले नाहीत. एक महिना, दोन महिने. त्यांच्या जागी एक कार्ड आलं, क्रमांक आठ. पत्रं पूर्ण बंद झाली आहेत, पेटी रिकामी असते, मालतीच्या घोट्याला आराम आहे, आभारी आहे. मी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक तरी नाव खरोखर कमी झालं होतं. सांत्वनवालेसुद्धा अचानक कसे थांबले, याचा विचार करायचं मला सुचलं नाही.

ते थांबले नव्हतेच. झालं होतं ते असं. तो ओळखीचा पोस्टमन गावी रजेवर गेला होता. जायच्या आधी त्याने बदलीच्या माणसाला आपली वही दिली, आणि नियमाचा पक्का माणूस असल्यामुळे वहीत लिहून ठेवलं होतं: जोगदेव, तिसरा मजला, मयत. बदलीचा त्याहून पक्का. त्र्यंबक जोगदेवांच्या नावाचं जे जे पाकीट आलं ते त्याने न चुकता लाल पेन्सिलीने शेरा मारून परत पाठवलं. त्यात एक निळं आंतरदेशीय पत्र होतं, इंदूरचं.

एका शनिवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पुढे जोगदेव, मध्ये एक एक पायरी घेत त्यांची बायको, मागे तिशीचा एक तरुण. त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. मिशीही नव्हती. आम्ही बौद्ध, आमच्याकडे बाप गेला म्हणून मुंडण करत नाहीत, त्यामुळे मला कळायला क्षणभर वेळ लागला.

"हा श्रीकांत," जोगदेव म्हणाले आणि निळं पत्र माझ्यासमोर ठेवलं. त्यावर लाल अक्षरात मयत.

मग तिघंही एकदम बोलू लागले. पत्र परत मिळाल्यावर श्रीकांतने इंदूरमध्येच नदीवर जाऊन केस उतरवले, कारण दिवस किती झाले असतील याचा अंदाज नव्हता आणि उशीर तर झालाच होता. मग गाडीत बसला. डोंबिवलीला तीन जिने चढून बेल वाजवली. दार उघडलं ते कैलासवासी त्र्यंबकरावांनी.

"यांनी माझ्याकडे पाहिलं," श्रीकांत म्हणाला, "आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? 'डोक्याला काय झालं?'"

"विचारायला नको?" जोगदेव म्हणाले. "उवा झाल्या असतील असं वाटलं."

"मी म्हटलं, बाबा, तुम्ही गेलात ना. तर म्हणाले, ते टपालापुरतं."

मालतीकाकू खुर्चीत बसल्या होत्या. हसत होत्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला. बेसनाचे लाडू होते. "घे गं पोरी," म्हणाल्या. "यांच्या तेराव्याचं गोड समज."

लाडू मी टेबलावर ठेवला. मी हात जोडून म्हटलं, "काका, हे माझ्यामुळे झालं. पत्र हरवलं असतं तर? पाठवणाऱ्याचा पत्ता नसता तर?"

जोगदेवांनी ते पत्र उचललं, उघडून माझ्यापुढे धरलं. चारच ओळी होत्या. आईचे गुडघे कसे आहेत. मी बरा आहे. इथले काटे खरे आहेत, मी स्वतः तपासतो. एकदा येऊन बघा.

"हे मला पेटीत मिळालं असतं," ते म्हणाले, "तर मी उत्तर लिहायला बसलो असतो. मुद्देसूद, क्रमांक घालून. आणि पुन्हा दोन वर्षं गेली असती. माझा स्वभाव मला माहीत आहे."

मी उठले. कारखानीस साहेब जेवायला गेले होते. लाल खण उघडला, जोगदेवांची पट्टी काढली, चाप काढून टाकला आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. कंपनीची मालमत्ता होती ती. कळलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. जोगदेवांनी पट्टी तळहातावर ठेवली, खिशातून काटा काढायला गेले आणि मग तसाच आत ठेवला.

"राहू दे," म्हणाले.

त्यानंतर मी अधूनमधून पट्ट्या डब्यातून घरी नेत राहिले, ज्यांची पत्रं वाचून झोप उडायची त्यांच्या. रोज नाही, फार नाही. साहेबांना संशय आला असेल, पण त्यांनी माझा डबा कधी उघडला नाही. पुढे यंत्रं बदलली, कॉम्प्युटर आला, पट्ट्या भंगारात गेल्या. नव्वदीच्या अखेरीस कंपनीनेही मान टाकली. आता हातात धरून चोरावं असं नाव उरलं नव्हतं.

त्याच सुमाराला एका सकाळी घरी फोन आला. आवाज म्हातारा झालेला, पण 'पुष्पाबाई' म्हणायची पद्धत तीच. श्रीकांतने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि ईमेल शिकवली होती.

"एक परकं पत्र आलंय," जोगदेव म्हणाले. "टक्कलाबद्दलच आहे. इंग्रजीत. कोण, कुठला, पत्ता नाही. खाली लिहिलंय, पत्रं नको असतील तर इथे दाबा. इंटरनेट तोडून, फोनची लाइन मोकळी करून तुम्हाला विचारतोय. दाबू?"

ते वाक्य मी ओळखत होते. 'नोंद घेतली आहे' हे त्याच जातीचं वाक्य मी एवढी वर्षं छापून पाठवलं होतं.

"काका, हात बाजूला घ्या," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः कुठे नाव दिलं असेल, ओळखीची कंपनी असेल, तर खुशाल सांगा नको म्हणून. पण हा कोण आहे ते माहीत नाही ना? मग दाबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, आत काही जोडलेलं असेल तर उघडायचं नाही. दाबलंत की पलीकडे कुणीतरी तुम्हाला पिवळा चाप लावणार."

"पलीकडे तुमच्यासारखं कुणी बसलेलं असेल?"

"असेल. आणि ती माझ्याइतकी घाबरट असेल तर तुमचं काही खरं नाही. नुसतं पुसून टाका."

"म्हणजे या वेळी मला मरावं लागणार नाही?"

"नाही काका. फक्त गप्प बसायचं."

क्रमांक घालून लिहिलेली आठ पत्रं मला आठवली. या माणसाकडे मी काय मागत होते ते मला कळत होतं.

"कठीण आहे," ते शेवटी म्हणाले. "पण बसतो. याच्याखालीच श्रीकांतचं पत्र आलेलं दिसतंय." आणि फोन कानाशीच ठेवून त्यांनी आत हाक मारली, "अगं, आलं बघ त्याचं."

"आले," काकूंचा आवाज आला, अगदी जवळून, शेजारच्याच खोलीतून. "तुम्ही उघडा तोवर. मी चष्मा घेते."